तात्यांची झोप आणि गाडीचा डिफरन्शिअल

तात्या झोपले की आमच्या घरातली बाकीची माणसं बोलायला लागतात. ते जागे असताना बोलायचं काम तेच करतात.

तात्या म्हणजे माझे सासरे. शिवाजी पेठेत त्यांची पिठाची गिरणी होती. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी गिरणी बंद केली, पट्टा उतरवून खुंटीला अडकवला आणि दोन गल्ल्या ओलांडून आमच्याकडे राहायला आले. माझ्या लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली, तरी ते मला अजून ‘पावणं’ म्हणतात. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून, माझा पेपर माझ्याआधी वाचता वाचता ते आत ओरडून सांगतात, “मधू, पावण्यास्नी च्या दे गं!” मग मला माझ्याच घरचा चहा संकोचानं, बशीत सांडणार नाही अशा बेतानं प्यावा लागतो.

गिरणी बंद झाली आणि तात्यांची झोप गेली. थोडीथोडकी नाही, सगळीच. मधुवंतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, जायफळ उगाळून दूध दिलं, तळपायांना काशाची वाटी घासली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. “आधी पावण्यास्नी देऊन बघा,” म्हणून तात्यांनी त्या माझ्यावर तपासून घेतल्या आणि मी दहावी ‘ब’ला मान्सूनचे वारे शिकवता शिकवता टेबलावर डोकं टेकून झोपलो. (मी शाळेत भूगोल शिकवतो. दिशा, परिवलन वगैरे. हे पुढे माझ्या अंगाशी येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.) न झोपलेले तात्या डोळे लाल करून घरभर हिंडायचे आणि डब्यातलं पीठ चिमटीत घेऊन “जाड हाय” म्हणायचे. हे पीठ विकतचं आहे असं सांगितलं की त्यांना जास्तच राग यायचा.

त्यांना झोप लागायची ती एकाच ठिकाणी. आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर.

गाडी जुनी. कंपनीचं नाव सांगत नाही. ती बिचारी केव्हाच बंद पडली आणि गेलेल्यांबद्दल उगाच चर्चा नको. गोल टपाची, मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी, दार लावताना कपाटासारखा आवाज करणारी गाडी. पेठेतून बाहेर पडून ती जरा वेगात आली की तात्यांची मान खांद्यावर कलायची. गाडी थांबली की डोळे टक्क उघडे. म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांना घेऊन रंकाळ्याकडे निघायचो आणि न थांबता फिरत राहायचो. पाण्यावर उन्हं पिवळी पडलेली असायची, म्हशी घराकडे निघालेल्या असायच्या, भेळवाले दिवे लावत असायचे आणि आम्ही तिघं गाडीच्या पोटातून येणाऱ्या एका बारीक घुमणाऱ्या आवाजात तरंगत चाललेलो असायचो. मधुवंती पुढच्या सीटवरून हळू आवाजात काहीबाही सांगायची. दिवसभरात आम्ही नवरा-बायको एकमेकांशी बोलायचो ते एवढंच. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला फार आवडायच्या.

तात्यांना गाडीतच झोप का लागते, यावर गल्लीत मतं होती. मधुवंतीच्या मते ती रंकाळ्याची हवा. शेजारचे हंबीरराव एके काळी तालमीच्या फुटबॉल संघात सेंटर हाफ होते आणि अजूनही गल्लीच्या मधोमध उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ल्याचे पास देत असतात. त्यांच्या मते ती सीटच्या स्प्रिंगांची किमया. माझं मत मी उघड सांगत नसे. पण मी क्लच किती हळुवार सोडतो, वळण किती पोटात घेऊन मारतो, हे ज्याला कळतं त्याला झोप येणारच, असं मला मनातून वाटायचं. माणसाला स्वतःविषयी एक तरी चांगला समज असावा, त्यानं तब्येत बरी राहते.

एका संध्याकाळी रंकाळ्याशेजारी खालून ‘खाड्’ असा आवाज आला. इंजिन चालू, गियर पडलेला, मी ॲक्सिलरेटर दाबतोय, आणि गाडी जागच्या जागी.

तात्यांनी डोळे उघडले. “का थांबली?”

“काहीतरी तुटलं वाटतं.”

“पट्टा बघा पट्टा.”

“तात्या, गाडीला तसला पट्टा नसतो.”

“न्हाई कसा? फिरतंय ती समदं पट्ट्यावरच फिरतंय, पावणं,” तात्या म्हणाले आणि दाराला कोपर टेकून बसून राहिले. उतरायला तयार नाहीत.

मी हंबीररावांना फोन केला. ते तालमीचा संघच घेऊन आले. सरावाहून परतणारे अकरा-बारा धिप्पाड गडी गाडीला भिडले आणि आमची मिरवणूक पेठेत शिरली. तात्या मागच्या सीटवर बसून दोन्ही बाजूंच्या ओळखीच्या माणसांना हात करत होते. वारा रंकाळ्याचाच होता, स्प्रिंगा त्याच होत्या, स्टिअरिंगवर मीच होतो, आणि तात्या पूर्ण जागे होते. यावरून मी काहीतरी ओळखायला हवं होतं. पण माझ्याच दोन विद्यार्थ्यांनी गाडी ढकलता ढकलता “सर, जरा हलकं बसा की” असं म्हटल्यामुळे माझं लक्ष माझ्या अपमानाकडे होतं.

आमच्या गाडीचं सगळं पिराजी बघतो. तो गाडीखाली गेला आणि हात काळे करून बाहेर आला.

“सर, डिफरन्शिअल गेला.”

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, तो डिफरन्शिअल. इंजिनाची फिरकी चाकांपर्यंत वळवायचं काम त्यातलं एक मोठं दातेरी चक्र करतं. त्याचे दात पडले होते.

“कवापास्नं घुमत हुता,” पिराजी म्हणाला. “तुम्हाला ऐकू यायचं न्हाई व्हय?”

ऐकू यायचं. मला वाटायचं गाडी खूश आहे.

तो डिफरन्शिअल आता कुठे मिळत नाही, हे पेठेत पसरायला वेळ लागला नाही. त्यानंतर जे सल्ले आले ते सगळे सांगत बसत नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यात गियर बनवून घ्या, आपल्या कोल्हापुरात काय बनत न्हाई, असं सांगणारे फार होते. प्रत्येकाचा तिथे एक सख्खा माणूस होता आणि प्रत्येकाचा सख्खा माणूस नेमका जोतिबाला गेलेला होता. कोणी म्हणालं गाडी अंगणात ठेवून तिच्यात कोंबड्या पाळा. आम्हाला अंगण नाही.

इकडे तात्यांना झोप नव्हती. आम्ही त्यांना रिक्षातून फिरवलं, ते रिक्षावाल्याला रस्ता दाखवत बसले. हंबीररावांच्या मुलाच्या नव्या गाडीतून नेलं. ती इतकी गपगार चालायची की तात्या ताठ बसून म्हणाले, “ह्याचं इंजिन चोरीला गेलंय काय?” त्या गाडीत मीही स्टिअरिंगला बसून पाहिलं, सगळी कला पणाला लावली. तात्यांची पापणीसुद्धा लवली नाही. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

मग एके सकाळी तात्या पिठाच्या डब्याकडे गेले, झाकण उघडलं, आत बघितलं आणि काहीच न बोलता झाकण लावलं. मधुवंती ओट्यापाशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. त्याच दुपारी तात्या चालता चालता भिंतीला धडकले. डॉक्टर म्हणाले, “या वयात झोप नसली की माणूस खचत जातो. एवढं एक काहीतरी करा.” बडबडणारे तात्या मला नको होते, हे मी कबूल करतो. पण गप्प बसलेले तात्या मला त्याहून नको होते. मधुवंती म्हणाली, “आईच्या मागं ह्यांना मी हाय तेवढीच. गाडी दुरुस्त करा. कसली बी करा.”

शेवटी हंबीररावांनी पास दिला आणि तो बरोबर पायात पडला. शिरोळला त्यांच्या ओळखीचा विरूपाक्ष नावाचा शेतकरी होता. त्यानं अगदी अशाच एका गाडीचा सांगाडा घेऊन उसाचे वाडे, म्हणजे शेंड्यांचा हिरवा चारा, वाहायला स्वतः एक गाडा बनवला होता. आता ट्रॅक्टर घेतल्यामुळे गाडा नुसताच गोठ्यात उभा होता.

मी रविवार धरून एसटीनं गेलो. विरूपाक्ष उंचापुरा, कपाळाला भस्म लावलेला, कानडी वळणाचं मराठी बोलणारा, माणूस मोठा आनंदी. “बरी बरी सर, या की,” म्हणत त्यानं आधी मला जेवायला बसवलं. त्याच्या बायकोनं, महादेवीनं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि इतकं घट्ट दही वाढलं की मी कशाला आलो ते विसरायला झालं. बाहेर उसाच्या पात्यांवरून वारा सळसळत होता. हवेत कुठूनतरी गुळाचा वास येत होता. मी ओसरीच्या खांबाला टेकलो होतो आणि विरूपाक्ष त्याच्या गाड्याचं वर्णन करत होता.

“इंजिन म्या मागं घेटलं सर. वाडं पुढं, इंजिन मागं. मग ती उलटी पळाया लागली की! म्हटलं, थांब. आतलं मोठं चाक काडलं, हिकडचं तिकडं बसीवलं. झाली सरळ! हौदु, खरं का न्हाई?”

“वा, वा,” मी म्हणालो. हुशार मुलानं उत्तर सांगितलं की मी वर्गात जशी मान हलवतो तशी हलवली. त्यानं काय सांगितलं याचा एक शब्दही माझ्या डोक्यात शिरला नव्हता. दही फारच चांगलं होतं.

डिफरन्शिअल त्यानं असाच देऊन टाकला. “सासऱ्यास्नी झोप लागू द्या, मग आमच्या नावानं एक घोरायला सांगा,” म्हणाला.

तो पोत्यात घालून एसटीत चढवला तेव्हा कंडक्टरनं अडवलं. पोत्यातून तेल ठिबकत होतं.

“काय हाय ह्यात?”

“गाडीचा भाग आहे.”

“मशिनरी चालत न्हाई. भाजीपाला चालतो, भांडीकुंडी चालतात.”

“ओतीव लोखंडाचं आहे,” मी म्हणालो. ते तर खरंच होतं.

कंडक्टरनं पोत्याला बुटानं ढोसलं. “म्हंजे भांडंच की. पण तेल का गळतंय?”

मागच्या सीटवरची एक आजी म्हणाली, “नवं लोखंडी भांडं तेल लावूनच ठेवत्यात, बाबा. तुला काय म्हाईत?” कंडक्टरनं पोत्याचं तिकीट फाडलं. कोल्हापूरपर्यंत मी ते भांडं मांडीशी धरून बसलो आणि आजी मला धिरडी कशी घालायची ते समजावत राहिली. माझी विजार त्या दिवशी कायमची गेली.

पिराजीनं डिफरन्शिअल बसवला. दात मोजले, बोटं फिरवून बघितली, “जोडी जमली,” म्हणाला. गाडी गल्लीत उभी केली, चाकाखाली लिंबं ठेवली, हंबीररावांनी नारळ फोडला. तात्यांना मधुवंतीनं हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं.  सगळी गल्ली जमली होती. मी किल्ली फिरवली, पहिला गियर टाकला, आणि ज्या अलगदपणाबद्दल मला स्वतःविषयी आदर आहे त्या अलगदपणे क्लच सोडला.

गाडी मागे गेली आणि पिराजीच्या हत्यारांच्या पेटीवर चढली.

“सर, रिव्हर्स पडलाय!” सगळी गल्ली एका आवाजात ओरडली.

मी दांडा हलवून पुन्हा पहिला टाकला. गाडी पुन्हा मागे. दुसरा टाकला, जास्त वेगानं मागे. तालमीचे गडी हसायला लागले. माझा एक विद्यार्थी दुसऱ्याला म्हणाला, “सरांची पृथ्वी उलटी फिराय लागली.” हंबीररावांनी मला उतरवलं, “तुम्हा मास्तर लोकांस्नी गियर कळत न्हाई,” म्हणून स्वतः बसले आणि चारही गियर टाकून चार वेळा मागे गेले. शेवटी वैतागून त्यांनी रिव्हर्स टाकला.

गाडी घुमत घुमत पुढे निघाली.

विरूपाक्षाला फोन लावला. “सांगिटलं व्हतं की सर! हिकडचं तिकडं केलंय म्हून! तुम्ही वा वा म्हटलासा!” तो इतक्या मोठ्यानं बोलला की फोन कानाला लावायची गरज नव्हती. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

“काळजी नको,” पिराजी म्हणाला. “उद्या परत उघडतो, आतलं चाक सरळ बसवतो. पण आज न्हाई. नारळ फुटलाय. नारळ फुटल्यावर गाडीनं एक फेरी मारायचीच, तशीच उघडली तर ती काम परत जमत न्हाई.”

“फेरी कशी मारणार?”

“रिव्हर्समधी पुढं जातीया की. चला.”

मी मधुवंतीकडे बघितलं. ती आधीच पुढच्या सीटवर बसली होती.

आणि अशा रीतीनं आम्ही रिव्हर्स गियरमध्ये पुढे जायला निघालो. वेग माणसाच्या चालीचा. पिराजी माझ्या खिडकीला हात लावून शेजारून चालत होता, हंबीरराव आणि संघ मागून. गाडीच्या पोटातून एक लांबलचक घूं असा आवाज येत होता. पूर्वीपेक्षा मोठा, एकाच सुरात लागलेला.

रंकाळ्याच्या अलीकडच्या चौकात हवालदार उभा होता. त्यानं आम्हाला जाऊ दिलं, मग गाडीची मागची बाजू बघितली आणि शिट्टी फुंकली. मी हौसेनं बसवून घेतलेला मागचा पांढरा दिवा लागला होता. रिव्हर्स टाकला की तो लागतो.

मी ब्रेककडे पाय नेला तेवढ्यात मधुवंतीनं माझं मनगट धरलं. “थांबू नका. झोपले.”

आरशात बघितलं. तात्यांची मान खांद्यावर कलली होती. तोंड जरासं उघडं. हात मांडीवर सैल पडलेले.

हवालदार पळत आला आणि माझ्या खिडकीशेजारून चालायला लागला. “ओ, शिट्टी ऐकू आली न्हाई काय?”

मी ओठांवर बोट ठेवलं. पोलिसाच्या बाबतीत हे मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं. “हळू बोला, सासरे झोपलेत.”

त्यानं वाकून मागे बघितलं आणि आवाज खाली आणला. “मागं पांढरा दिवा लागलाय. म्हंजे गाडी मागं येणार. आणि तुम्ही चाललाय पुढं. मागच्या माणसानं काय समजायचं?”

“गाडी रिव्हर्समध्येच आहे.”

“मग मागं का जाईना?”

“शिरोळचा डिफरन्शिअल आहे.”

हे त्याला पटलं. तरी कायदा त्याला स्वस्थ बसू देईना. “रस्त्यावर रिव्हर्समधी फिरायची परवानगी न्हाई.”

“पण मागे कुठं जातोय? पुढेच जातोय की.”

तो शेजारून चालतच राहिला. कुठलं कलम लावावं याचा विचार करत असावा. “गाडी बाजूला घ्या,” तो म्हणाला, “साहेबांस्नी फोन लावून इचारतो.”

“दादा, थांबलो तर उठतील हो,” मधुवंती म्हणाली. “माझे वडील हाईत. लई दिवसांनी डोळा लागलाय.” 

हवालदारानं परत एकदा मागे वाकून बघितलं. मग तो झपाझप पुढे गेला, दोन्ही हात पसरले आणि आडव्या रस्त्यानं येणारी वाहनं थांबवली.

त्यानंतरचं मला अजून स्वप्नासारखं वाटतं. रंकाळ्यावर उन्हं उतरली होती. आमच्यामागे रिक्षा, मोटारसायकली, उसाची एक ट्रॉली, सगळं हळूहळू येत होतं, आणि कोल्हापुरात, संध्याकाळच्या वेळी, कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. हंबीररावांनी सगळ्यांना सांगून ठेवलं असणार. भेळवाल्यांनी चमचे खाली ठेवले. पलीकडच्या फुटपाथवरून कोणीतरी ओरडून विचारलं, “कोण चाललंय रं?” आणि संघातल्या गड्यानं हळू आवाजात उत्तर दिलं, “गिरणीवाले तात्या झोपल्यात.” लोक बाजूला होत होते. पाणी सोनेरी झालं होतं आणि तो घूं असा आवाज पाण्यावरून जाऊन परत येत होता.

“हा आवाज,” मधुवंती एकाएकी म्हणाली.

“रिव्हर्सचा गियर घुमतोच, ताई,” खिडकीतून पिराजी म्हणाला. “उद्या चाक सरळ केलं की गप हुईल.”

ती त्याच्याकडे बघतच नव्हती. “गिरणी आहे ही. लहानपणी आम्ही शाळेतनं यायचो तवा तात्या गिरणीत पोत्यांना टेकून झोपलेले असायचे. गिरणी चालू असली की झोपायचे. दळण संपलं, जातं थांबलं, की उठायचे.” तिनं डोळ्यांना पदर लावला. “हवा न्हाई, स्प्रिंगा न्हाई. गाडीचा जुना गोळा असाच घुमायचा.”

माझ्या ड्रायव्हिंगचं नाव तिनं घेतलंच नाही. घ्यायची गरज तिला वाटली नाही, यात सगळं आलं. मी स्टिअरिंगवरचा हात जरा आवळला. वाईट वाटलं. पण आरशात बघितलं की तेवढंसं वाटत नव्हतं.

पुढच्या वळणावर म्हशी आल्या. चांगला मोठा कळप, रस्ता भरून, पाण्यातून नुकताच बाहेर पडलेला. हवालदारानं दोन्ही हात पसरले, शिट्टी फुंकली, पण म्हशींना कलम लावता येत नाही. मला ब्रेक दाबावा लागला. आवाज थांबला.

मागे सीट करकरली. तात्यांनी डोळे उघडले होते. समोर कुठेतरी बघत होते, आमच्याकडे नाही.

“झालं दळण?” त्यांनी विचारलं.

मधुवंती सीटवरून मागे वळली. पिराजी खिडकीवरचा हात काढून बाजूला सरकला.

“न्हाई तात्या,” मी म्हणालो. “अजून लई डबं हाईत.”

“मग बंद का केलीस? चालू ठेव की, पोरा,” तात्या म्हणाले आणि डोळे मिटले.

शेवटची म्हैस शेपटी हलवत रस्ता ओलांडून गेली. मी खिडकीतून मान बाहेर काढून पिराजीला म्हटलं, “उद्या येऊ नकोस.” मग मी रिव्हर्स टाकला आणि गाडी पुढे निघाली.